किशोरवयीन मुलांसाठी मेनिंजायटिसची लस : गंगापूर रोडवरील एका लसीकरण केंद्राचे परीक्षण

बारावीचे निकाल लागले की परदेशी शिक्षणासाठी निघालेल्या मुलांच्या घरी कागदपत्रांची यादी तयार होते, आणि व्हिसा, बँकेचे पत्र, गुणपत्रिका यांच्या खाली कुठेतरी मेनिंजायटिसच्या, म्हणजे मेंदूभोवतीच्या आवरणांना येणाऱ्या सुजेच्या, लशीचा उल्लेख असतो. त्या ओळीपाशी बहुतेक पालक थबकतात. ही लस नाशिकमध्ये कुठे मिळते हे शेजारीपाजारी कोणाला ठाऊक नसते, आणि ती विद्यापीठाने मागितलेली केवळ औपचारिकता आहे की मुलाच्या जिवाशी तिचा खरोखर संबंध आहे, हेही कोणी नीट सांगत नाही. माझी अठरा वर्षांची मुलगी इंग्लंडला शिकायला निघाली तेव्हा आम्ही गंगापूर रोडवरील एका खाजगी लसीकरण केंद्राची सेवा घेतली. त्या सेवेचे हे परीक्षण आहे. केंद्राचे नाव मी मुद्दाम दिलेले नाही, कारण येथे नोंदवलेल्या उणिवा शहरातील अन्य ठिकाणीही आढळू शकतील, आणि कोणत्या केंद्रात जावे यापेक्षा तेथे जाऊन काय विचारावे, याचा उपयोग वाचकांना अधिक होईल. माझे मत आरंभीच सांगते : येथील डॉक्टर पालकांशी ज्या मनमोकळेपणाने आणि तपशिलाने बोलतात, त्यासाठी हे केंद्र निवडण्याजोगे आहे, स्वागतकक्ष, अर्ज आणि प्रमाणपत्र या बाबतींत मात्र पालकांनी स्वतःच डोळे उघडे ठेवलेले बरे.

तक्रारीला सुरुवात फोनपासूनच होते. लस उपलब्ध आहे का, असे विचारल्यावर पलीकडून तत्परतेने होकार आला, पण आणखी दोन प्रश्न विचारल्यावर असे लक्षात आले की बोलणाऱ्या ताई जपानी मेंदूज्वराच्या लशीविषयी सांगत होत्या. तो आजार डासांमार्फत पसरणाऱ्या विषाणूचा असून त्याची लस पूर्णपणे वेगळी आहे. ती घेऊन विद्यापीठाची अट तर पूर्ण होत नाहीच, पण ज्या आजाराची आपल्याला धास्ती आहे त्यापासून संरक्षणही मिळत नाही. हवी असते ती मेनिंगोकोकस या जिवाणूवरची लस, म्हणून फोन करताना मेनिंगोकोकल लस, ए, सी, वाय आणि डब्ल्यू या चार गटांची, असे पूर्ण नाव सांगावे आणि समोरच्याकडूनही ते वदवून घ्यावे. केंद्र एका बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्याला जोडलेले असल्यामुळे प्रतीक्षागृह एकच आहे. भिंतीवरच्या कार्टूनच्या चित्रांखाली मिसरूड फुटलेली मुले खांदे आक्रसून मोबाइलमध्ये डोके घालून बसलेली असतात, यात गंमत असली तरी तापाने फणफणलेली बाळे आणि लस घ्यायला आलेली निरोगी मुले एकाच खोलीत तासभर बसतात, यात काहीही गंमत नाही. वेळ ठरवून गेलेल्यांनाही थांबावे लागते. पावसाळ्यातली गर्दी समजण्यासारखी आहे; लसीकरणासाठी दिवसातला वेगळा तास राखून ठेवणे मात्र इतके अवघड नसावे.

डॉक्टरांच्या खोलीत गेल्यावर सारे चित्र पालटते. त्यांनी सुई हातात घेण्याआधी मुलीला समोर बसवून, माझ्याशी नव्हे तर तिच्याशी, बोलायला सुरुवात केली. मेंदू आणि मज्जारज्जू यांच्याभोवती पातळ आवरणे असतात, त्यांना सूज येणे म्हणजे मेनिंजायटिस. ही सूज विषाणूंमुळे आली तर ती बहुधा काही दिवसांत ओसरते, जिवाणूंमुळे आली तर मात्र प्रत्येक तास मोलाचा असतो, असे त्यांनी थोडक्यात सांगितले. किशोरवयीन मुलांशी ज्या जिवाणूचे नाव विशेष जोडले जाते तो मेनिंगोकोकस. साधारणपणे दहातल्या एका माणसाच्या नाकाघशात तो कोणताही त्रास न देता राहत असतो, आणि किशोरवयाच्या अखेरीस व विशीच्या आरंभी असे वाहक सर्वाधिक आढळतात. खोकल्या-शिंकण्यातून उडणारे तुषार, लाळ आणि दीर्घकाळचा निकट सहवास यांतून तो एकाकडून दुसऱ्याकडे जातो. वर्गात दोन बाक सोडून बसल्याने किंवा बसमधून एकत्र प्रवास केल्याने सहसा जात नाही. वसतिगृहातली एक खोली, रात्री उशिरापर्यंतच्या मैफली, सिगारेटचा धूर, अपुरी झोप आणि देशोदेशीची नवी माणसे हे सारे एकाच वेळी वाट्याला येण्याचे वय हेच असते. सिगारेटचा उल्लेख येताच मुलीने माझ्याकडे पाहिले नाही, आणि डॉक्टरांनीही माझ्याकडे पाहिले नाही, याबद्दल मी त्यांना एक गुण अधिक देईन. आई खोलीत असताना अठरा वर्षांच्या मुलीशी असे बोलणे सोपे नसते.

ज्याच्या नाकाघशात हा जिवाणू असतो त्याला बहुतेक वेळा काहीच होत नाही. क्वचित एखाद्यात तो रक्तात शिरतो, आणि तेथून पुढे सारे इतक्या वेगाने घडते की लक्षणे दिसू लागल्यापासून एक-दोन दिवसांत रुग्ण दगावू शकतो. योग्य उपचार मिळूनही शंभरातले दहा ते पंधरा रुग्ण वाचत नाहीत. वाचलेल्यांपैकी पाचातल्या एकापर्यंत रुग्णांना बहिरेपणा, मेंदूची इजा, फिट्स किंवा हातापायाची बोटे गमावणे असे काही ना काही कायमचे मागे उरते. हा आजार दुर्मीळ आहे आणि त्याच्या भीतीने मुलांचे पाय बांधून ठेवण्याचे कारण नाही, हेही डॉक्टरांनी तितक्याच स्पष्टपणे सांगितले. लस विकणाऱ्या केंद्रात बसून आजार दुर्मीळ असल्याचे सांगणारा माणूस विश्वासार्ह वाटतो.

या भेटीतला सर्वांत मोलाचा भाग लक्षणांविषयीचा होता, आणि तो मी सविस्तर लिहिते, कारण लस घेणाऱ्या आणि न घेणाऱ्या अशा दोन्ही घरांना तो लागू आहे. मान आखडणे, उजेड सहन न होणे आणि गुंगी ही मेनिंजायटिसची लक्षणे अनेकांना ऐकून ठाऊक असतात, परंतु ती बऱ्याचदा अर्धा दिवस उलटून गेल्यावर दिसू लागतात, आणि सगळी एकदम दिसतीलच असेही नसते. पहिल्या काही तासांत ताप, डोकेदुखी, उलट्या आणि अंगदुखी एवढेच असते, म्हणजे कोणत्याही साध्या तापात असते तेच. त्यातही ज्या खुणा वेगळ्या काढता येतात त्या अशा : अंग तापलेले असताना हातपाय गार पडणे, पाय इतके दुखणे की मुलाला उभे राहवेना, त्वचा फिकट किंवा डागाळल्यासारखी दिसणे, आणि एरवी बडबड करणारे मूल असंबद्ध बोलू लागणे किंवा हाक मारूनही नीट जागे न होणे. अंगावर बारीक लाल किंवा जांभळे ठिपके उठले तर पारदर्शक काचेच्या पेल्याची बाजू त्यांवर दाबून पाहावी. दाबूनही ठिपके मावळत नसतील तर ते त्वचेखाली झिरपलेले रक्त असते, आणि मग घरी थांबायचे नसते. आपल्या सावळ्या त्वचेवर हे ठिपके सहज दिसत नाहीत, म्हणून तळहात, तळपाय, पापणीची आतली बाजू आणि तोंडातील टाळू पाहण्यास त्यांनी सांगितले. परदेशी माहितीपत्रकांत ही सूचना शोधावी लागते, इथे ती न विचारता मिळाली. ठिपके उठण्याची वाट मात्र पाहू नये, कारण सगळ्याच रुग्णांच्या अंगावर ते उठत नाहीत.

मुलीला त्यांनी एक निराळी गोष्ट बजावली. वसतिगृहात ताप आलेले मूल दार लावून झोपते आणि मैत्रिणी 'झोपू दे तिला' म्हणून कॉलेजला निघून जातात. मेनिंजायटिसमध्ये नेमके हेच घातक ठरते. आजारी असताना खोलीतल्या कोणाला तरी सांगून झोपायचे आणि तिने दर दोन-तीन तासांनी उठवून बोलायला लावायचे, असे तिच्याकडून कबूल करून घेतले गेले. आम्ही पालकांनी हेच सांगितले असते तर ती 'आई, पुरे' म्हणाली असती.

नाशिकच्या संदर्भात त्यांनी डेंग्यूचा विषय स्वतःहून काढला, आणि मला तो फार योग्य वाटला. पावसाळा सरत आला की शहरात ताप, डोकेदुखी आणि अंगावर ठिपके म्हटले की डेंग्यू असे समीकरण ठरून जाते. प्लेटलेट तपासायला रक्त दिले जाते आणि अहवाल येईपर्यंत रुग्णाला घरी झोपवले जाते. डेंग्यूतले रक्तस्रावाचे ठिपकेही पेल्याने दाबून मावळत नाहीत, त्यामुळे ती चाचणी दोन आजारांतला फरक सांगत नाही. ती फक्त रुग्णालय गाठा एवढेच सांगते, आणि पालकांना तेवढे पुरेसे आहे. दुसरी स्थानिक सवय मेडिकलच्या दुकानातून प्रतिजैविकाच्या गोळ्या आणून दोन दिवस देण्याची. त्यामुळे आजार बरा होत नाही, फक्त झाकला जातो, आणि पुढे पाठीतल्या पाण्याच्या तपासणीत जंतू सापडेनासे होतात. या तपासणीला आपल्याकडे घरचे लोक हमखास विरोध करतात, कारण तिच्यामुळे पाय लुळे पडतात असा समज आहे. सुई मज्जारज्जू संपल्यानंतरच्या खालच्या जागेत घातली जाते, हे कागदावर चित्र काढून समजावणारे डॉक्टर मला आजवर दुसरे भेटलेले नाहीत. निदान नक्की होईपर्यंत प्रतिजैविकाचे इंजेक्शन अडवून धरले जात नाही. बहुधा सेफ्ट्रायाक्सोन हे औषध शिरेतून लगेच सुरू करतात. एखाद्याला हा आजार झालाच तर त्याच्या घरच्या माणसांना आणि खोलीतल्या सोबत्यांना, शक्यतो चोवीस तासांच्या आत, रिफाम्पिसिन, सिप्रोफ्लॉक्सॅसिन किंवा सेफ्ट्रायाक्सोन यांपैकी एक औषध प्रतिबंधासाठी दिले जाते. सबंध वर्गाला किंवा सोसायटीला देत नाहीत.

आता प्रत्यक्ष लशीविषयी. आपल्याकडील खाजगी दवाखान्यांत मेनॅक्ट्रा आणि मेन्व्हिओ ही दोन नावे कानावर पडतात आणि दोन्ही चार गटांच्या लशी आहेत. मेनिंगोकोकसचे अनेक गट असले तरी आजाराचा मोठा भाग ए, बी, सी, डब्ल्यू, एक्स आणि वाय या सहांमुळे होतो. यातला ए गट आपल्या देशाच्या ओळखीचा आहे : दिल्लीत १९६६, १९८५ आणि २००५ साली, तसेच मेघालय आणि त्रिपुरात २००८-०९ च्या सुमारास ज्या साथी आल्या त्या याच गटाच्या. इंग्लंडमध्ये डब्ल्यू गटाचे रुग्ण वाढू लागले म्हणून २०१५ पासून तेथील किशोरांना चार गटांची लस देणे सुरू झाले, आणि अमेरिकेत हीच लस ११-१२ वर्षांच्या मुलांना देण्याची शिफारस २००५ मध्ये होऊन २०१० मध्ये तिला सोळाव्या वर्षाच्या बूस्टरची जोड मिळाली. परदेशी विद्यापीठे लस का मागतात, हे एवढ्यावरून कळते. मात्र या चार गटांत बी नाही. पाश्चात्त्य देशांत किशोर व तरुणांमधील बऱ्याच रुग्णांमागे बी गटच असतो आणि त्याची लस वेगळी आहे. हा मुद्दा डॉक्टरांनी मी विचारल्यावर सांगितला, आधी नाही. लस घेतली म्हणजे मेनिंजायटिसची चिंता मिटली, अशा समजुतीने पालक घरी गेले तर वर सांगितलेली लक्षणे ओळखण्याची त्यांची तयारीच राहत नाही. म्हणून माझ्या मते ही या सेवेतली सर्वांत गंभीर त्रुटी आहे.

टोचण्याच्या प्रक्रियेत दोष काढायला जागा नव्हती. परिचारिकेने कुपी फ्रिजमधून आमच्यासमोर काढली, फ्रिजच्या दारावर तापमानाची नोंदवही लटकलेली होती आणि तिच्यात सकाळ-संध्याकाळच्या नोंदी होत्या. ही लस २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागते आणि गोठली तर निकामी होते, त्यामुळे भारनियमनात काय करता, असे विचारण्याचा पालकांना पूर्ण अधिकार आहे. येथे त्याचे उत्तर न चिडता मिळाले. कुपीवरील मुदत आणि बॅच क्रमांक त्यांनी मुलीलाच वाचायला लावला. आम्हाला मिळालेली लस तयार द्रवरूपातली होती. दोन कुप्यांची लस असेल तर एकीत भुकटी आणि दुसरीत द्रव असतो, आणि दोन्ही एकत्र करूनच टोचायच्या असतात. मेन्व्हिओच्या अशा बांधणीत ए गटाचा अंश भुकटीत असतो, म्हणजे घाईत नुसता द्रव टोचला गेला तर आपल्या देशात ज्या गटाच्या साथी आल्या नेमके त्याचेच संरक्षण राहून जाते. पालकांनी शेजारी उभे राहून पाहण्यासारखी ही गोष्ट आहे. दंडात टोचल्यानंतर पंधरा मिनिटे बसवून ठेवले गेले. या वयाची मुले कोणत्याही इंजेक्शननंतर चक्कर येऊन पडू शकतात आणि पडल्याने लागते, म्हणून हा वेळ महत्त्वाचा आहे. बाहेर रिक्षा थांबली आहे या सबबीवर तो कमी करून घेऊ नये. मुलीचा दंड दुसऱ्या दिवशी दुखत होता आणि डोके जड होते. त्यापलीकडे काही झाले नाही.

अर्जाविषयी मात्र मला कडक लिहावे लागेल. लसीपूर्वी भरून घेतलेल्या कागदावर नाव, वय, पत्ता, ॲलर्जी एवढेच होते. प्लीहा (पाणथरी) काढलेली आहे का, सिकलसेल किंवा थॅलेसेमिया हे रक्ताचे आनुवंशिक आजार आहेत का, प्रतिकारशक्तीच्या 'कॉम्प्लिमेंट' घटकांची कमतरता आहे का, असा एकही प्रश्न त्यात नव्हता. ज्यांच्या प्लीहेचे काम थांबलेले असते त्यांना मेनिंगोकोकसचा धोका इतरांच्या मानाने पुष्कळ जास्त असतो. त्यांना एक डोस पुरत नाही, तर सुरुवातीलाच आठ आठवड्यांच्या अंतराने दोन डोस आणि पुढे दर पाच वर्षांनी बूस्टर लागतो. शिवाय अशा मुलांना न्यूमोकोकस या न्यूमोनिया व मेनिंजायटिस घडवणाऱ्या दुसऱ्या जिवाणूची लसही द्यावयाची असते, आणि मेनॅक्ट्रा ही तिच्यानंतर किमान चार आठवड्यांनी द्यावी असा संकेत आहे, कारण दोन्ही एकत्र दिल्यास न्यूमोकोकसच्या लशीचा परिणाम कमी होऊ शकतो. ज्या जिल्ह्यात सुरगाणा, पेठ, कळवण, त्र्यंबकेश्वर असे आदिवासी तालुके आहेत आणि सिकलसेल हा शब्द आशासेविकांच्याही तोंडी आहे, त्या जिल्ह्याच्या मुख्य शहरातील लसीकरण केंद्राच्या अर्जावर हा प्रश्न नसणे मला खटकले. खरे तर ही लस ज्यांना सर्वांत जास्त हवी ती मुले विमानतळाकडे निघालेली नसतात. ती आश्रमशाळेच्या वसतिगृहात असतात आणि त्यांच्या पालकांना गंगापूर रोडवरचे दर परवडत नाहीत.

दराविषयी बोलायचे तर लस आणि डॉक्टरांची फी धरून खर्च पाच हजारांच्या घरात जातो. लस छापील किमतीला दिली गेली आणि पावती न मागता मिळाली. राष्ट्रीय लसीकरण कार्यक्रमात ही लस नाही. बालपणी शासनाकडून मिळणाऱ्या क्षयावरच्या बीसीजी, पाच आजारांवरच्या पेंटाव्हॅलेंट आणि न्यूमोकोकसच्या लशींनी मेनिंजायटिसच्या अन्य काही कारणांना अटकाव होतो, मेनिंगोकोकसला होत नाही. हज यात्रेकरूंना ती शासनाकडून शिबिरांत दिली जाते, कारण सौदी अरेबिया प्रवेशासाठी तिचे प्रमाणपत्र मागतो आणि लस पोहोचण्यापूर्वी किमान दहा दिवस आधी घेतलेली असावी लागते. यात्रेला आई-वडिलांसोबत किशोरवयीन मुले जाणार असतील तर त्यांनाही हा नियम लागू आहे. इंग्लंडला जाणाऱ्यांना आणखी एक गोष्ट ठाऊक असायला हवी, जी या केंद्रात कोणी सांगितली नाही : तेथे विद्यापीठात प्रथमच दाखल होणाऱ्या पंचवीस वर्षांखालील विद्यार्थ्यांना ही लस सरकारी आरोग्यसेवेतून विनामूल्य मिळते आणि त्यात परदेशी विद्यार्थीही येतात. तरीही आम्ही ती येथेच घेतली, कारण संरक्षण तयार व्हायला साधारण दोन आठवडे लागतात आणि तेथे पोहोचून डॉक्टरांकडे नाव नोंदवून वेळ मिळेपर्यंतचे दिवसच सर्वांत गर्दीचे असतात. पण ज्यांना पाच हजार रुपये जड आहेत त्यांना हा पर्याय सांगणे केंद्राचे काम होते, मग त्यात त्यांचे एक गिऱ्हाईक कमी झाले तरी.

येथे थोडे विषयांतर करते. आफ्रिकेत सेनेगलपासून इथिओपियापर्यंत पसरलेल्या ज्या पट्ट्यात मेनिंजायटिसच्या साथी वारंवार येत, तेथे २०१० मध्ये ए गटाची स्वस्त लस पोहोचली आणि त्या गटाच्या साथी जवळपास थांबल्या. ती लस पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटमध्ये तयार झाली होती. त्याच संस्थेच्या पाच गटांच्या लशीला जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये मान्यता दिली आणि २०२४ मध्ये नायजेरियात तिचा वापर सुरू झाला. नाशिकहून दोनशे किलोमीटरवर हे काम होते, आणि आपण मात्र बहुराष्ट्रीय कंपन्यांच्या लशीसाठी पाच हजार मोजतो. याचा दोष या केंद्राकडे नाही, परंतु पावती हातात घेताना हा विचार मनात आल्याखेरीज राहत नाही.

माझ्या भावाचा मुलगा सोळा वर्षांचा आहे आणि तो प्रवेश परीक्षेच्या तयारीसाठी राज्याबाहेर वसतिगृहात राहायला गेला आहे. त्यालाही ही लस द्यावी का, असे मी त्याच भेटीत विचारले. डॉक्टरांनी दिलेले उत्तर मला या केंद्राची सर्वांत मोठी जमेची बाजू वाटते. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेची शिफारस सर्व मुलांसाठी नसून विशेष परिस्थितीतल्या मुलांसाठी आहे, म्हणजे प्लीहेचा किंवा प्रतिकारशक्तीचा दोष असलेली, साथ असलेल्या भागातली, हजला किंवा परदेशी शिकायला जाणारी. देशातल्या वसतिगृहात जाणारे निरोगी मूल या यादीत बसत नाही, असे त्यांनी सांगितले. पैशांची ओढाताण नसेल आणि मनाला स्वस्थता हवी असेल तर देण्यात अपाय नाही, पण कर्ज काढून देण्याची ही लस नव्हे. आधी त्याचे टायफॉइड, धनुर्वात-घटसर्पाचे बूस्टर आणि कावीळ यांच्या लशी पूर्ण आहेत का ते पाहा, असा त्यांचा सल्ला होता. स्वागतकक्षात मात्र याच्या नेमके उलट, 'हॉस्टेल पॅकेज' नावाचा फलक आहे आणि त्यात ही लसही घातलेली आहे. आतले डॉक्टर एक सांगतात आणि बाहेरचा फलक दुसरे, ही विसंगती केंद्राच्या चालकांनी दूर करावी. पॅकेज घेण्याआधी डॉक्टरांना भेटण्याचा आग्रह पालकांनी धरावा.

आणखी एका बाबतीत मला उत्तर अपुरे वाटले, आणि ती बाब आपल्या भागात दुर्लक्षून चालणारी नाही. क्षयाच्या जंतूंमुळे होणारा मेनिंजायटिस तासांत नव्हे, तर आठवड्यांत वाढतो : बारीक ताप, सतत डोके दुखणे, भूक मंदावणे, वजन उतरणे, मधूनच उलटी, स्वभाव बदलणे, अभ्यासात लक्ष न लागणे. किशोरवयात या सगळ्याचे खापर परीक्षेच्या ताणावर किंवा मोबाइलवर फोडले जाते आणि निदानाला उशीर होतो. जन्मतः टोचलेली बीसीजी लहान मुलांना या प्रकारापासून बरेच संरक्षण देते, पण मोठेपणी तिच्यावर विसंबता येत नाही, आणि मेनिंगोकोकल लशीचा याच्याशी काही संबंध नाही. केंद्रात मिळणाऱ्या माहितीपत्रकात याचा एका शब्दाने उल्लेख नाही. ते पत्रक गुळगुळीत कागदावर, केवळ इंग्रजीत आणि लस बनवणाऱ्या कंपनीने छापलेले आहे. डॉक्टर तोंडी जे उत्तम मराठीत सांगतात ते दोन पानांवर छापून दिले तर आजी-आजोबाही वाचतील, आणि गावाकडून आलेल्या पालकांना मुलीकडून भाषांतर करून घ्यावे लागणार नाही.

प्रमाणपत्र घेताना घाई करू नये. आमच्या कागदावर प्रथम नुसते 'मेनिंजायटिस व्हॅक्सिन' असे लिहून सही केलेली होती. विद्यापीठाला लशीचे पूर्ण नाव, गट, बॅच क्रमांक, तारीख आणि डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक पासपोर्टवरील नावाच्या स्पेलिंगसह हवा असतो, तो आम्ही पुन्हा लिहून घेतला. ज्यांना पाच वर्षांनी बूस्टर लागतो त्यांना त्याची आठवण करून देण्याची सोय केंद्राकडे नाही, तेव्हा त्यांनी ती तारीख स्वतःच नोंदवून ठेवावी. एचपीव्हीची (गर्भाशयमुखाच्या कर्करोगापासून बचावाची) लस किंवा धनुर्वाताचा बूस्टर बाकी असेल तर तो त्याच दिवशी दुसऱ्या दंडात घेता येतो, त्यामुळे खेप वाचते. लस नेहमी साठ्यात नसते आणि मागवावी लागते. प्रस्थानापूर्वी महिनाभर तरी आधी फोन करावा आणि शनिवारची संध्याकाळ टाळावी, कारण त्या वेळी गर्दी असते आणि डॉक्टरांना बोलायला वेळ मिळत नाही.